दिव्याखाली कढीपत्ता

आमच्या भाड्याच्या फ्लॅटला बाल्कनी आहे. 'मॅडम, एकदम हवेशीर!' असं ब्रोकर म्हणाला होता आणि तो खोटं बोलला नव्हता. हवा येते. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या फोडणीचा वासही येतो. फक्त ऊन येत नाही. दिवसातून जेमतेम वीस मिनिटं एक पट्टा रेलिंगवर येऊन जातो, तेवढाच.

एरवी मला फरक पडला नसता. मी झाडांशी बोलणाऱ्यांपैकी नाही. पण मागच्या वर्षी गावचं घर विकलं गेलं. निघताना आजीने अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी आलेलं वीतभर रोप उपटलं, मातीसकट पिशवीत घातलं आणि माझ्या हातात दिलं. 'पुण्याला ने. इथे आता कोण बघणार?' बस्स, एवढंच. घराची वाटणी झाली त्यात माझ्या वाट्याला आलेली ही एकमेव गोष्ट, आणि दोन महिन्यांत ती पिवळी पडायला लागली.

मग मी ते केलं जे आपण सगळेच करतो. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. निष्कर्ष : ग्रो लाइट पाहिजे. रेडिमेड दिवे बघितले, जांभळा डिस्को प्रकाश आणि किंमत बघून टॅब बंद केला. घरीच बनवू, त्यात काय!

(जांभळ्याचं टेन्शन घेऊ नका. चांगल्या पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात झाडाला लागणारा निळा आणि लाल दोन्ही असतात. शिवाय त्यात हॉल डान्स बारसारखा दिसत नाही.)

तर माझा पहिला दिवा. दहा-दहा वॅटच्या तीन चिप्स. घरात पडलेला १२ व्होल्टचा, ५ अँपिअरचा अडॅप्टर. चिपवर '९ ते १२ व्होल्ट' लिहिलेलं, अडॅप्टरवर '१२ व्होल्ट' लिहिलेलं, म्हणजे जमलंच की! तिन्ही चिप्स बाजूबाजूला जोडल्या आणि थंड राहाव्यात म्हणून स्टीलच्या उलट्या ताटाला डबल टेपने चिकटवल्या. लावल्यावर असला सही उजेड पडला की मी फोटो काढून चार ग्रुप्सवर टाकला.

तिसऱ्या दिवशी मी एका असाइनमेंटसाठी बाहेर होते. रूमी नाइट शिफ्ट करून घरी झोपलेली. तिला जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने जाग आली. टेपमधून धूर येत होता आणि खालचा प्लॅस्टिकचा ट्रे एका बाजूने वितळून कुंडीला चिकटला होता. तिने स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला फोन केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, 'मी झोपले होते गं.'

त्या वाक्यानंतर मी हा विषय सीरियसली घेतला.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्ल्या आहेत. तिथल्या एका काउंटरवर मी जळकी चिप ठेवली. काकांनी ती उलटून बघितली आणि विचारलं, 'ड्रायव्हर कोणता लावला होता?' मी म्हटलं, 'अडॅप्टर.' काकांनी चष्मा काढून ठेवला. मला नववीचा फिजिक्सचा पेपर आठवला.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपला नेहमीचा अडॅप्टर व्होल्टेज पक्कं ठेवतो, करंट किती ओढायचा ते समोरच्या वस्तूवर सोडतो. बल्ब, राउटर, पंखा ही समंजस मंडळी, लागेल तेवढंच घेतात. एलईडीला ती अक्कल नाही. एका ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती ढिम्म बसते आणि त्याच्या पुढे जरासं व्होल्टेज वाढलं की करंट धाडकन वाढतो. त्यात आणखी एक वाईट खोड : गरम झाली की तिला लागणारं व्होल्टेज कमी होतं. अडॅप्टर तर १२ व्होल्टच देत राहणार. म्हणजे गरम झाली की जास्त करंट ओढणार, जास्त करंट ओढला की आणखी गरम होणार. पहिल्या नोकरीतल्या क्रेडिट कार्डसारखं. खर्च करा, लिमिट वाढेल, मग अजून खर्च करा.

तीन चिप्स बाजूबाजूला जोडल्याने काम आणखी बिघडलं. तिन्ही कधीच तंतोतंत सारख्या नसतात. जी जरा जास्त गरम झाली, तिने बाकीच्या दोघींच्या वाट्याचाही करंट ओढला. अडॅप्टरकडे पाच अँपिअर होतेच, त्याने उदारपणे दिले.

म्हणून एलईडीला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर लागतो. तो उलटं करतो : करंट पक्का ठेवतो आणि व्होल्टेज गरजेप्रमाणे खालीवर करतो. निवडायचा फंडा सोपा आहे. ड्रायव्हरच्या लेबलवर दोन गोष्टी बघायच्या, आउटपुट करंट आणि आउटपुट व्होल्टेजची रेंज. चिपचं व्होल्टेज त्या रेंजमध्ये बसलं पाहिजे आणि करंट चिपच्या कमाल मर्यादेच्या बराच खाली पाहिजे. मी या वेळी एकच मोठी सीओबी चिप घेतली, साधारण ३६ व्होल्टची, नावाला ५० वॅट. तिला १४०० मिलीअँपिअरच्या आसपास चालवता येतं. मी ड्रायव्हर घेतला ९०० मिलीअँपिअरचा, २४ ते ४० व्होल्ट रेंजचा. हिशोब करा : ३६ गुणिले ०.९ म्हणजे ३२ वॅट. पन्नासची चिप बत्तीसवर. रूमी म्हणाली, हा चक्क लॉस आहे. नाही! एलईडी हळू चालवली की प्रत्येक वॅटमागे जास्त प्रकाश देते, कमी तापते आणि जास्त टिकते. आपल्याला बॉसने असं चालवलं असतं तर आपणही टिकलो असतो.

काकांनी आणखी तीन गोष्टी बजावल्या. ड्रायव्हर आयसोलेटेड घ्यायचा, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज आणि चिपकडे जाणारी वीज यांचा आत थेट संबंध नसतो. शेजारी पाण्याचा झारा असणार, हे विसरायचं नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या 'ड्रायव्हरलेस' चिप्स याच कारणासाठी नकोत. दुसरं, लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी नंबर बघायचा. एलईडीच्या ड्रायव्हरला भारतात ही नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे बिनलेबलचा पांढरा डबा कितीही क्यूट दिसला तरी परत ठेवायचा. आणि तिसरं, ड्रायव्हर चालू असताना चिपची वायर काढायची-लावायची नाही. मोकळा ड्रायव्हर व्होल्टेज वर नेऊन बसलेला असतो, वायर टेकताच तो झटका चिपच्या डोक्यात जातो.

आता गारवा. माझा गैरसमज असा, की एलईडी गरम होत नाही. बल्बच्या तुलनेत खरं आहे, पण दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते असं धरून चालायचं. माझ्या बत्तीस वॅटमधली वीस वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. ती मागच्या बाजूने बाहेर काढली नाही तर चिप संपली.

आणि माझं ते ताट! स्टेनलेस स्टील उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. म्हणून तर चांगल्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडाला अ‍ॅल्युमिनियमचा थर देतात. इतकी वर्षं चहा उकळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अ‍ॅल्युमिनियमची पात्यांची हीटसिंक घ्यायची. तिच्यावर 'डिग्री पर वॅट' असा आकडा असतो, तोच सगळ्यात कामाचा. एक डिग्री पर वॅट असेल, तर वीस वॅटला ती हवेपेक्षा वीस डिग्री गरम होणार. मे महिन्यात घरात ३४ डिग्री, म्हणजे सिंक ५४ वर. चिपच्या आत आणखी दहाएक डिग्री. एकदम कूल. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लावली आणि तो आकडा तीन निघाला, तर साठ अधिक चौतीस, म्हणजे ९४! आतलं तर विचारूच नका. आकडा लिहिलेलाच नसेल तर पंख्याशिवाय चालवायला प्रत्येक वॅट उष्णतेमागे किमान शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरा, सगळ्या पात्यांच्या दोन्ही बाजू मोजून. पाती उभी राहतील अशी लावा, गरम हवेला वर जायला वाट हवी.

एवढी मोठी सिंक मला महाग पडत होती. मग मी जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरची पंख्यासकट सिंक आणली. चिप आणि सिंकच्या मध्ये थर्मल पेस्ट लावायची, पोळीला तूप लावतो तितकीच, पावाला बटर फासतो तशी नाही. टेप नको, स्क्रू. पंखा १२ व्होल्टचा होता, तो जुन्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला. हळू फिरतो, आवाज कमी, रूमी झोपू शकते. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग आणि थ्री-पिन प्लग, हे मात्र मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. त्यात हिरोगिरी केली नाही.

ड्रायव्हर दिव्याच्या डोक्यावर बसवू नका. त्याच्या आत कपॅसिटर असतात आणि ढोबळ हिशोब असा, की दहा डिग्री जास्त तापले की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. माझा लांब वायरने बाजूच्या भिंतीवर आहे, झाऱ्याच्या टप्प्याच्या बाहेर.

रूमीला तरी धास्ती होतीच. 'पंखा बंद पडला तर?' बरोबर प्रश्न. उत्तर होतं एक बटणाएवढा थर्मल कटआउट, राइस कुकरमध्ये असतो त्या जातीचा. सत्तर डिग्रीला सर्किट तोडणारा. तो सिंकला स्क्रूने बसवला आणि ड्रायव्हरला येणाऱ्या मेन वायरमध्येच घातला. दिवा, पंखा सगळं एका टायमर प्लगवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात. बारा तास म्हणजे, ड्रायव्हरची घट धरून, महिन्याला तेरा-चौदा युनिट.

पहिला आठवडा मी घरी असतानाच दिवा लावला. दर तासाला सिंकला हात. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक, लगेच काढावा लागला तर कुठेतरी चुकतंय. रूमी शिफ्टवरून आली की आधी तीही हात लावून बघायची, मग झोपायची. तिसऱ्या आठवड्यात कढीपत्त्याच्या शेंड्याला लालसर पोपटी फुटवा आला. मी आजीला फोटो पाठवला. तिचा फोन आला, 'दिव्यावर वाढतंय? मग देवघरात ठेव की.'

यंदाच्या मे महिन्यात एका संध्याकाळी घरी आले तर बाल्कनीत अंधार. टायमर चालू, वीज चालू, दिवा बंद. धूर नाही, वास नाही. रूमी आत गाढ झोपलेली. सिंक गरम होती, पण हात ठेवता येत होता. कटआउटने आपलं काम केलं होतं. पंखा उघडून बघितला तर त्याच्या आसात लांब केसांचा गुंता अडकलेला. माझेच होते. कात्रीने कापून काढले, पात्यांमधली धूळ ब्रशने झाडली आणि दिवा पुन्हा लावला.