ओल थांबत नाही

भाताची कापणी उरकली की गोमंतकातील अनेक शेते पुढच्या पावसापर्यंत पडीक राहतात. जेथे अळसांदे पेरले जातात, तेथेही पेरणी लांबते आणि पीक उतरले नाही की बियाण्याला बोल लावला जातो. आमच्या मते दोष बहुधा बियाण्याचा नसून हुकलेल्या वेळेचा असतो. भातानंतरचे अळसांदे जमिनीत उरलेल्या ओलीवर पोसतात. पेरणीस उशीर झाला, तर झाड फुलावर येते त्याच सुमारास ओल आटते. फुले गळतात, शेंगा पोचट राहतात.

दुसरी बाब अंतराची. बी मुठीने फेकले, तर कोठे दाटी होते, कोठे जमीन उघडी पडून तण माजते. दोन ओळींत ३० व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे २ लाख २२ हजार रोपे बसतात. ओळींतील अंतर ४५ केल्यास दीड लाखही बसत नाहीत. वेळेवर पेरलेले झाड पसरून मोकळी जागा व्यापते. उशिराच्या खुरट्या झाडाला ते साधत नाही. म्हणून उशीर झालाच, तर ओळी जवळ घ्याव्यात.

हे ज्ञान नवे नाही. परंतु बियाणे व सल्ला कापणीनंतर नव्हे, कापणीपूर्वी शेतकऱ्याच्या दारी पोचला पाहिजे. कृषी खात्याने व पंचायतींनी एवढे मनावर घ्यावे. सरकारी कागद हलेपर्यंत शेतातील ओल थांबून राहत नाही.