शाल, श्रीफळ आणि सभेचा ठराव

शालान्त परीक्षेचे निकाल लागले, की आमच्या कोकणातील नगरपरिषदांना एक प्रकारचा उत्साह चढतो. पावसाच्या पहिल्या सरी येतात न येतात तोच सभागृहाची झाडलोट होते, व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या जातात, आणि 'गुणवंत विद्यार्थी व लोकसेवक यांचा गौरव' अशा मथळ्याखाली एक समारंभ पार पडतो. विद्यार्थ्यांना प्रशस्तिपत्रे मिळतात. सेवानिवृत्त होणारा एखादा मुकादम, अग्निशामक दलातील एखादा जवान, सफाई कामगारांपैकी दोघे-चौघे यांच्या खांद्यांवर शाली पडतात. छायाचित्र निघते व ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे, की त्याविषयी चिकित्सा करणे हाच अशिष्टपणा वाटावा. तो अशिष्टपणा आज आम्ही पत्करीत आहो.

एखाद्या व्यायामशाळेने अगर ज्ञातिमंडळाने कोणाचा सत्कार केला, तर तो त्या मंडळाचा घरचा प्रश्न होय. नगरपरिषदेची गोष्ट निराळी आहे. रत्नागिरीची नगरपालिका 1876 साली स्थापन झाली. दीडशे वर्षे जी संस्था रस्ते, दिवे, पाणी व गटारे यांचा कारभार पाहत आली, तिच्या सभेत जे होते ते ठरावाने होते. त्याला सूचक असतो, अनुमोदक असतो, त्याची नोंद इतिवृत्तात राहते, आणि खर्च करदात्याच्या पैशातून होतो. अशा संस्थेने कोणाला 'तुम्ही चांगले केलेत' म्हणणे म्हणजे सबंध शहराने ऋण कबूल करणे होय. ऋण कबूल करावयाचे आणि सावकाराच्या हातावर नारळ ठेवून त्याची बोळवण करावयाची, हा व्यवहार बाजारात चालत नाही; सभागृहात मात्र तो टाळ्यांच्या गजरात चालतो. त्यातही नारळ, आणि तो कोकणात! ज्याच्या परसात माड आहे त्याला नारळ व ज्या गावी वर्षातून दहा महिने अंगाला घामाच्या धारा लागतात त्या गावी लोकरीची शाल, ही जोडी कोणी ठरविली असेल त्याच्या विनोदबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे. शाल डांबरगोळ्यांसह ट्रंकेत जाते. असो.

सभेने मान द्यावयाचा म्हणजे काय, याचा एक जुना दाखला पुण्याचा आहे. महात्मा जोतीराव फुले हे 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी असे जोतीरावांचे म्हणणे पडले, व विरुद्ध मत त्यांचे एकट्याचे नोंदले गेले. या प्रसंगाचे वर्णन ज्यांच्या चरित्रग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले, ते धनंजय कीर रत्नागिरीचे. मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण खात्यात कारकुनी केलेल्या या लेखकाने फुले, टिळक, शाहू, सावरकर व आंबेडकर यांची चरित्रे लिहिली, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. कारण लोकसेवकांच्या गौरवसभेत कारकुनाची खुर्ची कोठे मांडावयाची, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

दुसरा दाखला आमच्या शेजारचा, आणि कडू आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव उत्तम होता. परंतु तो कागदावर राहिला, आणि तळ्याच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला प्रथम अर्थ आला. आणि अर्थ आल्याबरोबर त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी तो रद्द केला! जोपर्यंत काही करावे लागत नव्हते तोपर्यंत सभा उदार होती. पुढे तो वाद उच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1937 साली निकालात निघाला. गौरवाचे ठराव एकमताने संमत होताना पाहिले, की आम्हांस महाडच्या त्या तीन वर्षांची आठवण होते. एकमत होते, कारण कोणाला काहीच द्यावयाचे नसते.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. व्यासपीठावरील वक्ते या प्रसंगी रत्नागिरीला 'नररत्नांची खाण' म्हणतात. या जिल्ह्याच्या जमिनीत खणल्यास प्रत्यक्षात जांभा दगड निघतो, हे सोडून देऊ. पण खाणीची उपमा वक्त्यांना वाटते त्याहून अधिक खरी आहे. खाणीतून जे निघते ते बाहेर जाते, व मागे खड्डा उरतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16,96,777 होती, ती 2011 च्या जनगणनेत 16,15,069 झाली. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया आढळल्या. मुलींचा जन्म येथे अधिक होतो असा याचा अर्थ नाही. कर्ते पुरुष मुंबईस आहेत एवढाच आहे. ज्या मुलाला आपण जूनमध्ये प्रशस्तिपत्र देतो तो पुष्कळदा जुलैत गाडीत बसलेला असतो, आणि तो परत यावा यासाठी शहराने काय योजिले आहे, हा विषय कार्यपत्रिकेवर नसतो.

शिवाय गौरव कशाचा? गुणांच्या टक्क्यांचा. कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून शालान्त परीक्षेच्या निकालात ते वर्षानुवर्षे राज्यात पहिले येत आहे. 2024 साली निकाल 99.01 टक्के लागला, 2025 साली 98.82 टक्के. ही गोष्ट शिक्षकांना व पालकांना भूषणावह आहे, तिची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु शंभरांतील नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण होतात तेथे नगरपरिषदेने विचारपूस करावयाची ती त्या एका उरलेल्या मुलाची. परीक्षेने ज्यांना निवडले त्यांना पुन्हा निवडण्यासाठी नगरपरिषद कशाला हवी? ते काम मंडळाच्या गुणपत्रिकेने आधीच केलेले आहे. नगरपरिषदेच्या ताब्यात आहेत त्या प्राथमिक शाळा. जेथे मासळी उतरविणाऱ्यांची, गवंड्यांची व परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुले पहिली अक्षरे गिरवितात. त्या शाळांतील मुले या समारंभात बहुधा स्वागतगीत म्हणण्यापुरती असतात.

गुणपत्रिकेपलीकडे पाहण्याची नजर नसली म्हणजे काय होते, हे याच जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. 1875 साली मुरूडचा एक मुलगा सोबत्यांसह सह्याद्री पायी ओलांडून, शंभरांवर मैल चालून सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास गेला. वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही, आणि तो आल्या वाटेने परतला. हा मुलगा धोंडो केशव कर्वे. पुढे याच कर्व्यांच्या आश्रयाने मुंबईस शिकलेले मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले व देशभर त्यांचा जयजयकार झाला. पहिल्या क्रमांकाचा सत्कार करण्यास अक्कल लागत नाही. साताऱ्याहून परतणाऱ्या मुलाला ओळखण्यास लागते. आणि कर्वे मोठे झाल्यावर तरी गावाने काय केले? 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या मंडळींनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. त्यांना भारतरत्न मिळाले ते 1958 साली, वयाला शंभर वर्षे होता होता. गावची सभा मानही देऊ शकते आणि बहिष्कारही घालू शकते. ज्या दिवशी तिने बहिष्कार घातला त्या दिवशी निदान ती गंभीर होती, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

या मासिकाच्या वाचकांना मानपत्राच्या भाषेविषयी दोन शब्द सांगितले तर ते अस्थानी होणार नाहीत. मानपत्र हा एके काळी मराठी गद्याचा एक प्रकार होता; आज तो छापील नमुना झाला आहे. 'निःस्वार्थ सेवाभाव', 'अथक परिश्रम', 'समाजासमोर आदर्श' हे शब्द आधीच जुळविलेले असतात, नावापुरती जागा मोकळी असते. तेच मानपत्र वैद्याला, तेच मुख्याध्यापकाला, तेच घंटागाडीवरील माणसाला. त्यात विशेषणे असतात, क्रियापद नसते. म्हणजे या गृहस्थाने कोणत्या दिवशी, कोठे, काय केले, हे त्यावरून कधीही कळत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे पाडले, तेव्हा ते पुन्हा उभे करण्यासाठी तारतंत्री चिखलात उतरले. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले, आणि पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळ उपसण्यात आला. शीळ धरणाच्या पंपावर मध्यरात्री कोणीतरी जागा असतो म्हणून सकाळी शहराच्या नळाला पाणी येते. ही वाक्ये साधी आहेत, पण एखादे मानपत्र यांतील एका वाक्याने सुरू झाले, तर ऐकणारा मान वर करील. ज्याचे काम आपण कधी पाहिले नाही त्याला मोठे विशेषण देण्यात आदर नसतो. काम पाहण्याचे श्रम चुकविण्याची ती युक्ती असते.

कामाकडे पाहावयाचे म्हटले, की अडचण सुरू होते. सफाई कामगाराला शाल पांघरताना तो कायम नोकर आहे की कंत्राटी, हे विचारावे लागेल. कायम सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीत घेण्याची तजवीज लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे झाली. कंत्राटी माणसाच्या वाट्याला ती येत नाही. त्याच्या हातात मोजे आहेत काय, पायात गमबूट आहेत काय, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी ठेकेदाराने खरोखर भरली काय, हे प्रश्न शालीच्या घडीत मावत नाहीत. हाताने मैला साफ करविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरीही माणसे मैलागटारांत उतरविली जातात व मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये करावी लागली. करोनाच्या साथीत याच लोकांना आपण 'योद्धे' म्हटले, आणि देशभर ताटे वाजविली. साथ संपली, योद्ध्यांचे रोजंदारीचे हजेरीपत्रक तेच राहिले.

येथे कोणी म्हणेल, 'तुम्हांला सर्वच ठिकाणी कुरूप दिसते. मुलांच्या पाठीवर थाप मारली, कामगाराला चारचौघांत बसविले, यात कोणाचे काय बिघडले? शालीने हातमोजे मिळत नसतील, पण शाल न दिल्याने तरी ते मिळतात काय?' हा आक्षेप खोटा नाही. उपेक्षित माणसाला चारचौघांत नावाने हाक मारली जाते, त्याची मुले ती ऐकतात, याचे मोल आम्ही जाणतो. आमचा रोख त्या हाकेवर नाही. परंतु त्या सभेत घटकाभर बसून पाहावे. निम्मा वेळ पाहुण्यांच्या सत्कारात जातो. सत्कार करणाऱ्यांचाच सत्कार आधी होतो, मग त्यांची भाषणे होतात, आणि ज्यांच्यासाठी सभा भरली त्यांना 'सत्कारमूर्ती' असे नाव देऊन एका रांगेत बसविले जाते. शब्द मोठा समर्पक आहे. मूर्तीला हार घालतात, नैवेद्य दाखवितात, आणि ती बोलत नाही हे गृहीत धरतात.

महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा 2022 च्या सुमारास मुदत संपून प्रशासकांच्या हाती गेल्या होत्या. त्या काळात नगराच्या वतीने मान देणारे नगरच सभागृहात नव्हते. हुकूम सुटत, ठराव नव्हे. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, व लोकनियुक्त सभा पुन्हा आल्या. या नव्या सदस्यांना आमची सूचना एवढीच आहे, की सत्कारमूर्तींना बोलू द्यावे. पाहुण्यांची भाषणे दोहोंवर आणावीत, आणि उरलेला वेळ घंटागाडीवरच्या माणसाला, पंपावरच्या माणसाला, प्राथमिक शाळेच्या बाईंना व दहावी झालेल्या त्या मुलीला द्यावा. मुलगी कदाचित म्हणेल, की अभ्यासाला घरात जागा नाही, रात्री उघडी राहील अशी एखादी खोली हवी. ज्या गावात 1828 पासून नगर वाचनालय आहे त्या गावाला ही मागणी परकी वाटू नये. कामगार बहुधा पगाराची तारीख विचारील. जे बोलले जाईल ते शब्दशः इतिवृत्तात उतरवावे, आणि पुढल्या मासिक सभेच्या कार्यपत्रिकेवर तो पहिला विषय म्हणून घ्यावा. त्याला सूचक व अनुमोदक त्याच सदस्यांपैकी मिळावेत, ज्यांनी शाल पांघरली.

यावर एका परिचित गृहस्थांनी आम्हांस ऐकविले, की असे केल्यास कामगार पाहुण्यांसमोर ठेकेदाराचे नाव घेतील, आणि समारंभाचा विरस होईल. होऊ द्यावा.