दार उघडं, नोंद पारखून

पक्षी पाहणाऱ्यांची संख्या वाढली की नोंदींचा दर्जा घसरतो, असं आमच्यातले अनेक जाणते मनापासून मानतात. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दर हिवाळ्यात हा विषय निघतो. नव्यांना घेऊच नका, घ्यायचं तर आधी चार पक्षी ओळखायला लावा, कुणाच्या तरी ओळखीतला माणूस असेल तरच घ्या. मला हे पटत नाही. पारख व्हायला हवी, पण ती माणसाची नव्हे, नोंदीची.

का, ते राजोडीच्या किनाऱ्यावर चांगलं समजतं. कळंबपासून अर्नाळ्यापर्यंतच्या पट्ट्यातला हा किनारा. पाऊस सरला की ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिखले धावू लागतात आणि पाण्याच्या कडेला कुरव, सुरय थवे करून बसतात. इथे पक्षी दिसायला सोपे, ओळखायला कठीण. तपकिरी डोक्याचा कुरवच घ्या. नाव असं असलं तरी लडाख-तिबेटकडची तळी सोडून तो थंडीत आपल्याकडे येतो, तेव्हा त्याचं डोकं पांढरं झालेलं असतं. डोळ्यामागे काळसर डाग तेवढा उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. दोघे शेजारी बसले की नवखा गोंधळणारच. मग ते उडेपर्यंत थांबायचं आणि पंखांची टोकं पाहायची. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसतात. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र असते आणि टोकाला फक्त काळी किनार. मोठ्या कुरवांची गोष्ट आणखी अवघड. पूर्ण वाढीचा पिसारा यायला त्यांना चारेक वर्षं लागतात आणि तोवर दरवर्षी रूप बदलत राहतं. तिथे मुरलेला निरीक्षकही ‘मोठा कुरव, जात नक्की नाही’ असं लिहून पुढे जातो.

‘नक्की नाही’ लिहायची ही सोय मला फार मोलाची वाटते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी २००२ मध्ये ई-बर्ड सुरू केलं. तिथे कुणीही नोंद करू शकतो, शिफारसपत्र लागत नाही. चाळणी पुढे लागते. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कोणता पक्षी किती संख्येने दिसणं स्वाभाविक आहे याच्या मर्यादा आधीच ठरवलेल्या असतात. त्यापलीकडची नोंद आली की ती बाजूला निघते आणि तो भाग जाणणारा स्वयंसेवक निरीक्षकाला पत्र लिहून तपशील विचारतो. खात्री पटली नाही, तर नोंद तुमच्या स्वतःच्या यादीत राहते, पण सार्वजनिक आकडेवारीत जात नाही. यात कुणाचा अपमान नाही आणि विज्ञानाचं नुकसानही नाही.

असं केल्यावर गर्दीने दर्जा बुडतो का? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल पहिल्यांदा २०२० मध्ये आला, तो सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदींच्या आधारे. २०२३ च्या दुसऱ्या अहवालामागे ३०,००० निरीक्षक आणि तीन कोटींहून अधिक नोंदी होत्या. या काळात आलेले बरेचसे लोक नवखेच असणार. तरी अभ्यासकांनी याच नोंदींतून ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढला आणि त्यांपैकी ६० टक्के प्रजाती घटत असल्याचं दाखवून दिलं. मूठभर तज्ज्ञांनी दार लावून घेतलं असतं, तर हे कळायला किती दशकं गेली असती?

नवख्याकडून काय मागावं, हेही यातूनच कळतं. दुर्मीळ पक्षी मागू नये, कावळे मागावेत. बरेच नवे लोक कावळा, साळुंकी, पारवा लिहीतच नाहीत, कारण त्यात नवल काय! पण किमान पंधरा मिनिटं थांबावं आणि शक्यतो संख्याही लिहावी. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिला, तरच ती यादी पूर्ण यादी ठरते आणि ‘हा पक्षी दिसला नाही’ यालाही अर्थ येतो. कावळा मोजायला तज्ज्ञ लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. थवा कसा मोजायचा हे तर एका सकाळीत शिकवता येतं. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढ्या मापाने थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर सरकवत जायचं. चिखले वाऱ्याकडे तोंड करून पसरून बसलेले असतात तेव्हा हे छान जमतं. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडून पाहावेत.

आणि विचारणा कशी करावी, यावर सगळं अवलंबून आहे. एखाद्या मुलीने गटात अनपेक्षित पक्ष्याचं नाव टाकलं की लगेच चारचौघांत ‘शक्यच नाही’ म्हणून मोकळं होणारे लोक मी पाहिलेत. ती मुलगी पुन्हा काही लिहीत नाही. तिच्या खऱ्या नोंदीही आपण गमावतो. तिला वेगळं गाठून विचारावं: पायांचा रंग दिसला का? चोच सरळ होती की वाकडी? शेजारी कोणता पक्षी होता, त्याच्याहून हा लहान होता की मोठा? या प्रश्नांची उत्तरं देता देता माणूस पाहायला शिकतो. पुढच्या वेळी तो या गोष्टी टिपूनच येतो.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. फोटोसाठी थव्यावर चालून जाणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे, मग तो नवा असो वा जुना, त्याची लेन्स कितीही मोठी असो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला ओहोटीच्या मोजक्या तासांत पोट भरायचं असतं. प्रत्येक वेळी उठवलं की खाण्याचा वेळ जातो आणि उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. राजोडीला सुट्टीच्या दिवशी गर्दी आधीच असते, तीत आपण भर घालू नये. घरट्याचा ठिकाणासकट फोटोही गटात टाकू देऊ नये. चुकीची नोंद उद्या दुरुस्त करता येते, मोडलेली वीण नाही.

आमच्या गटाची खरी अडचण वेगळीच आहे. शंकेच्या नोंदी दोघं-तिघंच पाहतात, आणि तीही नोकरीधंदा सांभाळून रात्री. म्हणून माझा आग्रह आहे की दोन हिवाळे नेमाने नोंदी करणाऱ्याला आता नोंदी तपासायलाही बसवावं. सुरुवातीला जुन्या माणसाबरोबर, सोप्या पक्ष्यांपासून. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्या सकाळी प्रत्येक तुकडीत असा एकजण ठेवता येईल. या पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरच्या दरम्यान, त्यासाठी नावं घ्यायला हवीत.