एक नदी, दोन अहवाल

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे शिफारसपत्रांसाठी विचारणा सुरू होते. युरोपातल्या सीमेवरच्या शहरांमधली विद्यापीठं उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांचे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवतात. नावं निरनिराळी असतात, विषय बहुधा एकच: सीमावर्ती प्रदेश आणि शाश्वत समाज. भूगोल शिकवणारे, प्रादेशिक नियोजनात काम करणारे, जलसंपदा किंवा पर्यावरण खात्यातले आपले तरुण सहकारी तिथे अर्ज करतात. जावं का, एवढा खर्च करण्यासारखं आहे का, परत आल्यावर इथे त्याचं काय करायचं, असे प्रश्न येतात. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा ते या पानावर द्यावं, असं ठरवलं.

जमत असेल तर जावं, हे आधीच सांगून टाकतो. ज्या पुलावरून तिथले लोक स्वस्त सिगारेटी आणायला सहज पलीकडे जाऊन येतात, तो पूल पाहायला आपल्याला बँकेची विवरणपत्रं जोडून व्हिसासाठी रांग लावावी लागते. सीमेचा पहिला धडा मुंबईतच मिळतो आणि तो फुकट नसतो.

प्रश्न आहे तो तिथे जाऊन काय पाहायचं याचा. परतलेल्यांच्या सादरीकरणात एक छायाचित्र हमखास असतं: इटलीतलं गोरित्सिया आणि स्लोव्हेनियातलं नोव्हा गोरित्सा यांच्यामधला चौक. एक पाय एका देशात, दुसरा दुसऱ्या देशात. या दोन शहरांनी २०२५ मध्ये मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून वर्ष साजरं केलं, त्यामुळे अशी छायाचित्रं आता आणखी वाढतील. त्याच चौकात मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात रातोरात कुंपण उभं राहिलं होतं, हे मात्र त्या सादरीकरणात सहसा नसतं. सीमा पुसल्याचा आनंद मानायला हरकत नाही, पण आपल्या व्यवसायाला त्यातून हाती काही लागत नाही. हाती लागतं ते जिथे सगळी यंत्रणा असूनही बिघाड झाला तिथे. म्हणून आमचा सल्ला: निवड करता आली तर ओडर नदीवर जा.

ओडर चेक प्रजासत्ताकात उगम पावते, पोलंडमधून वाहते आणि पुढे मोठ्या पट्ट्यात जर्मनी-पोलंडची सीमा होऊन बाल्टिक समुद्राकडे जाते. तिच्या काठावर फ्रांकफुर्ट नावाचं जर्मन शहर आहे. विमानतळामुळे आपल्याला ठाऊक असलेलं ते मोठं फ्रांकफुर्ट वेगळं. १९४५ मध्ये या शहराचं नदीपलीकडचं उपनगर पोलंडकडे गेलं आणि त्याचं स्वुबित्से झालं. फ्रांकफुर्टात १९९१ मध्ये पुन्हा स्थापन झालेलं व्हियाड्रिना विद्यापीठ आहे, नदीपलीकडे त्याचा पोलिश जोडीदार आहे आणि सीमा-अभ्यास ही या विद्यापीठाची ओळख आहे. दोन शहरं मैत्रीने राहतात म्हणावं, तर २००६ मध्ये पलीकडे ट्राम न्यायची का असं फ्रांकफुर्टच्या नागरिकांना विचारलं तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी पाचातल्या चौघांहून अधिक जणांनी नकार दिला. शेवटी २०१२ च्या डिसेंबरात पुलावरून ९८३ क्रमांकाची बस सुरू झाली. मधली सहा वर्षं कशात गेली, याचा शोध हा एखाद्या विद्यार्थ्याला पुरेल एवढा प्रकल्प आहे.

पण खरा धडा २०२२ च्या ऑगस्टमधला. जुलै अखेरीस नदीच्या पोलिश भागात, व्रोत्सवाफच्या वरच्या अंगाला, मेलेले मासे दिसू लागले. प्रवाहाबरोबर ही लाट खाली सरकत होती. ७ ऑगस्टला फ्रांकफुर्टच्या स्वयंचलित मापन केंद्रात पाण्याची विद्युतवाहकता आणि सामू अचानक चढले. विरघळलेला प्राणवायूही वाढला. मासे मरत आहेत आणि प्राणवायू वाढतो आहे, हे कोड्यात टाकणारं होतं. ९ तारखेला जर्मन काठावर मेलेले मासे लागले, तोवर जर्मनीच्या अधिकाऱ्यांना पलीकडून वेळेवर काहीच कळलेलं नव्हतं. मग पाऱ्याची अफवा, दोन्ही राजधान्यांतून एकमेकांवर बोटं, पोलंडच्या पंतप्रधानांनी जलसंस्थेच्या आणि पर्यावरण निरीक्षणालयाच्या प्रमुखांची केलेली हकालपट्टी, दोषी शोधून देणाऱ्याला दहा लाख झ्वॉटींचं बक्षीस. मेलेल्या माशांचं वजन सुमारे ३६० टन धरलं जातं.

दोषी कोणी एक नव्हताच. खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढणारं एक सोनेरी शैवाल गोड्या पाण्याच्या नदीत फोफावलं होतं आणि त्याच्या विषाने माशांचे कल्ले निकामी झाले. शैवालाला हवा असलेला खारटपणा खाणींच्या आणि उद्योगांच्या सांडपाण्यातून आला. उन्हाळा कडक, नदीत पाणी कमी, म्हणून तेवढंच मीठ अधिक दाट झालं. ते सोडण्याचे परवाने होते. परवान्यात लिहिलेली मर्यादा त्या त्या नळाच्या तोंडाशी पाळायची होती; सगळ्या नळांचं मीठ एकत्र येऊन कमी पाण्याच्या वर्षी नदीचं काय होईल, हा हिशेब कुणाच्याच टेबलावर नव्हता.

आणि यंत्रणा नव्हती असंही नाही. ओडरच्या रक्षणासाठी जर्मनी, पोलंड, चेक प्रजासत्ताक यांचा १९९६ चा करार आहे, व्रोत्सवाफमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाचं कार्यालय आहे, धोक्याची सूचना कोणी कोणाला द्यायची याचा लेखी आराखडा आहे. तरी निरोप पोचला नाही. त्यावर कडी म्हणजे सप्टेंबरअखेर दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी स्वतंत्र अहवाल दिले. शैवालावर दोघांचं एकमत होतं. जर्मन अहवालाने भर मानवी खारटपणावर दिला, पोलिश अहवालाने उष्णतेवर आणि कमी पाण्यावर. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रानेही खारटपणालाच मुख्य कारण म्हटलं. नदी एक, पाण्याचे नमुने जवळपास तेच, शास्त्र तेच, आणि निष्कर्षातला भर मात्र ज्याच्या त्याच्या सरकारला सोसेल असा. शाश्वत समाज या विषयावर तीन आठवडे व्याख्यानं ऐकण्यापेक्षा हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले तर सहभागी अधिक शहाणे होतील, असं आमचं मत आहे.

याला उलट बाजू दाखवणारं ठिकाण म्हणजे ऱ्हाइन. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बासलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, पाणी लाल झालं आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. तेव्हाही इशारा उशिराच पोचला होता, आणि ऱ्हाइनचा आंतरराष्ट्रीय आयोग तर १९५० पासून होता. फरक पडला तो नंतर. १९८७ मध्ये कृती कार्यक्रम ठरला आणि त्याचं ध्येय कुणालाही समजेल अशा शब्दांत मांडलं गेलं: २००० सालापर्यंत सामन मासा परत आला पाहिजे. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती वाइल आम ऱ्हाइन इथली मापन चौकी. ती जर्मन भूमीवर आहे, चालवते स्वित्झर्लंडमधल्या बासल कॅन्टनची यंत्रणा, पैसे दोन्हीकडचे. आकडा एकच निघतो, त्यामुळे आकड्यावरून भांडता येत नाही. भांडायचंच तर उपायावर भांडावं लागतं. सीमा-सहकार्याची यापेक्षा सरळ व्याख्या आम्हाला कुठे मिळालेली नाही.

पिरेनीज पर्वतातलं सेर्दान्याचं रुग्णालयही जमलं तर पाहावं. स्पेनमधल्या पुच्चेर्दा गावात २०१४ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी बांधलेलं आहे; फ्रेंच बाजूच्या गर्भवतीला आधी घाट ओलांडून दूर पेरपिन्यांला जावं लागे. इमारत बांधणं सोपं गेलं. फ्रेंच आईबापांच्या मुलाचा जन्म परदेशात नोंदला जातो, मृतदेह घरी न्यायचा तर दोन देशांची कागदपत्रं लागतात, असल्या गोष्टी मात्र एकेक करून सोडवाव्या लागल्या. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये अशाच अडथळ्यांची दखल घेणारं निवेदन काढलं. अंतर्गत सीमेलगतचे प्रदेश संघाच्या ४० टक्के भूभागावर पसरलेले आहेत आणि तिथे १५ कोटी लोक राहतात, असं त्यात म्हटलं आहे. पाचातला एक अडथळा दूर केला तर या प्रदेशांचं उत्पन्न दोन टक्क्यांनी वाढेल, असाही अंदाज दिला आहे. असल्या अंदाजांवर आमचा फारसा विश्वास नाही. अडथळे गावाच्या आणि कलमाच्या नावासकट लिहून काढण्याची त्यांची सवय मात्र उचलण्यासारखी आहे.

आता इथलं बोलू. सीमेचा विषय निघाला की आपल्या वर्गात महाराष्ट्र-कर्नाटक वादातलं १९५६, महाजन आयोग आणि सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा यांच्यापुढे चर्चा जात नाही. तो प्रश्न खरा आहे, त्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत आणि त्याचा निकाल न्यायालयात लागेल तेव्हा लागेल. पण निकाल कसाही लागला तरी पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून कर्नाटकातच जाणार आहे. कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी, साखर कारखान्यांची मळी यांचा हिशेब आपण नळाच्या तोंडाशीच करतो, ओडरवर झाला तसाच. इचलकरंजीतली २०१२ ची काविळीची साथ विसरण्याएवढी जुनी नाही. बंधाऱ्यांचे बरगे काढले की साचलेलं पाणी खाली सुटतं आणि शिरोळ तालुक्यात मेलेल्या माशांच्या बातम्या येतात. त्या पाण्याची सूचना पलीकडच्या चिक्कोडी-कागवाडकडे कोण देतं? पुराच्या बाबतीत निदान बोलणं तरी होतं. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीच्या विसर्गावरून दोन्ही राज्यांचे अभियंते संपर्कात राहू लागले आणि जून २०२१ मध्ये बंगळुरूत मंत्रिपातळीवर बैठकही झाली. पाण्याच्या गुणवत्तेबाबत तसं काही ठोस दिसत नाही.

दोडामार्गची गोष्ट सेर्दान्याला जवळची आहे. सिंधुदुर्गातल्या रुग्णांना बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय हाच आधार. जानेवारी २०१८ पासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि दोडामार्गात आंदोलन पेटलं. जतच्या पूर्व भागातली गावं कर्नाटकात जाऊ म्हणाली ती पाण्यासाठी, हे २०२२ च्या सीमावादाच्या गदारोळात बाजूला पडलं. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांत तर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्यं एकाच वेळी नांदतात. दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं रेशन. सेवा दोनदा मिळतात म्हणून हसण्यावारी नेऊ नये, जमिनीचा पट्टा मागायला गेलं की एकही सरकार धड आपलं नसतं.

हे सगळं शिकवायला परदेशी अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचं कारण नाही. शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्या भूगोल विभागांनी पुढाकार घेतला तर दोन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग शिरोळ तालुक्यात भरवता येईल. निम्मे विद्यार्थी मराठी, निम्मे कानडी. त्या पट्ट्यात दोन्ही भाषा बोलणारे दुभाषे घरोघर सापडतील. प्रयाग चिखलीपासून राजापूर बंधाऱ्यापर्यंत आणि तिथून कुडचीच्या पुलापर्यंत ठरलेल्या ठिकाणी विद्युतवाहकता, सामू, प्राणवायू मोजायचा, सगळ्यांनी एकाच पद्धतीने. उपकरणं महागडी नाहीत, बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत ती आहेत. शेवटी निबंध नको. दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या स्थानिक कार्यालयांनी मासे मेल्यावर पहिल्या सहा तासांत कोणाला कळवायचं, याचा एक पानी मसुदा मराठी, कानडी आणि इंग्रजीत तयार व्हावा. परिषद घेऊन स्मरणिका काढायचा मोह आवरला तर हे जमेल. परदेशातून शिकून आलेल्यांनी या वर्गात शिकवावं. त्यांच्या प्रवासखर्चाचा इथे उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तरी एवढंच दिसतं.

वाचकांकडून आमची मागणी साधी आहे. तुमच्या कामात राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीमेमुळे अडलेलं एक काम आम्हाला एका पानात लिहून कळवा. गाव कोणतं, काम काय, ते कोणत्या नियमामुळे किंवा कोणत्या न झालेल्या फोनमुळे अडलं, आणि तुमच्या मते कोणत्या पातळीवरच्या सहीने सुटेल. राजकीय मतं नकोत, उपदेशही नको. नोकरीत असलेल्यांनी सांगितलं तर त्यांची नावं छापणार नाही. दिवाळी अंकानंतर दर महिन्याला अशी दोन पानं छापू आणि ती दोन्ही बाजूंच्या संबंधित कार्यालयांना टपालाने पाठवू.

— संपादक