लाकडाला तहान लागत नाही

गिटारच्या फ्रेटबोर्डबद्दल रील्समध्ये जे बोललं जातं, ते ऐकून वाटावं की ही लाकडाची पट्टी नसून मे महिन्यात कोमेजलेलं तुळशीचं रोप आहे. ‘लाकूड तहानलंय’, ‘त्याला पोषण द्या’, ‘त्याला श्वास घेऊ द्या’. मग एक छोटी बाटली पुढे येते, पिवळसर, लिंबाचा वास असलेली. दोन थेंब, एक फडकं, हळुवार पार्श्वसंगीत. लाकूड काळंभोर चमकतं आणि बघणारा ‘कार्ट’चं बटण दाबतो.

मला या सगळ्याचा राग आहे. तेल वाईट आहे म्हणून नाही. गिटारची निगा राखणं हे हाताने करायचं काम आहे आणि आपण त्याची एक विकत घ्यायची वस्तू करून टाकली, म्हणून.

आधी तहानेचं बघू. झाड तोडलं त्या दिवशी त्याचं खाणंपिणं संपलं. फ्रेटबोर्डचं लाकूड काही पचवत नाही आणि श्वासही घेत नाही. ते एवढंच करतं की हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रोझवूड किंवा एबनीच्या पट्टीवर सहसा लॅकर नसतं, त्यामुळे हे जास्त जाणवतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पट्टी आकसते आणि फ्रेटची धातूची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात. मुंबईच्या जुलैत तीच पट्टी फुगते. पण हा ओलावा पाण्याचा असतो, तेलाचा नाही. आकसलेल्या लाकडावर बाटलीभर तेल ओतलं तरी त्यातलं गेलेलं पाणी परत येणार नाही. त्यासाठी गिटार केसमध्ये ठेवावी लागते, एसीच्या झोतापासून लांब ठेवावी लागते आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघावं लागतं. पण केसचं झाकण लावण्याचं रील कोण बघणार?

आता बाटलीत काय असतं ते बघू. ‘लेमन ऑइल’ म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेक वेळा मुख्य घटक मिनरल ऑइल असतं, वर थोडा वास आणि रंग. तेच मिनरल ऑइल औषधाच्या दुकानात ‘लिक्विड पॅराफिन’ या नीरस नावाने मिळतं. ते वाईट नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, स्वच्छ केलेल्या पट्टीवर अगदी पातळ हात फिरवावा आणि पाच मिनिटांनी सगळं पुसून घ्यावं. लाकूड गडद दिसतं, पुढचा मळ थोडा कमी चिकटतो. तेलाचं काम इथे संपलं. दर महिन्याला तेल पाजणारे फक्त धूळ धरून ठेवणारा चिकट थर तयार करत असतात.

घरगुती उपायवाले तर आणखी पुढचे. खोबरेल तेल कालांतराने खवट होऊ शकतं. लिंबाचा रस म्हणजे आम्ल, त्याने फ्रेटचा धातू काळवंडतो. काच पुसायचा स्प्रे काचेसाठी असतो. ‘नैसर्गिक आहे’ एवढ्यावर एखादी गोष्ट लाकडाला चालत असती, तर वाळवीही चालली असती.

फ्रेटबोर्डचा खरा प्रश्न मळाचा आहे. फ्रेटच्या कडेला जी काळपट-हिरवट रेघ जमते, ती आपल्याच बोटांची मृत त्वचा, घाम, तेल आणि धूळ. हिरवेपणा येतो तांब्यामुळे. बहुतेक फ्रेट ‘निकेल सिल्व्हर’चे असतात आणि त्यात नावापुरतीही चांदी नसते. असतं ते तांबं, निकेल आणि जस्त. घामातलं मीठ या तांब्याला आणि तारेवरच्या ब्राँझला खातं. तारेच्या वेढ्यांत किटण भरलं की वरचे स्वर दबतात, आवाज मठ्ठ होतो. मग आपण म्हणतो, गिटारच बेकार आहे, नवी घेऊ.

हे किटण काढायला जे लागतं ते घरात असतं. सगळ्या तारा काढा. ‘एकदम सगळ्या काढल्या तर नेक वाकडी होते’ ही दुकानातली दंतकथा आहे. तारा बदलण्यापुरता वेळ ताण गेल्याने चांगल्या नेकला काही होत नाही. ज्या गिटारचा ब्रिज नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो किंवा स्प्रिंगवर तरंगता असतो, तिथे मात्र तो जागचा हलू शकतो, तेवढी काळजी घ्या. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जाड थर खरवडा. जुना टूथब्रश आणि किंचित ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं घेऊन रेषांच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरडं करा. फारच हट्टी मळ असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. त्याआधी इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप चिकटपट्टीने झाका, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकाला जाऊन बसेल. आणि पट्टी मेपलची, वर लॅकर असलेली असेल, तर तेल नको आणि स्टील वूलही नको. नुसतं ओलसर फडकं. या सगळ्याला जेमतेम अर्धा तास लागतो.

यावर एक आवडता प्रतिवाद आहे: ‘मळातच तर आवाज असतो.’ उदाहरण ठरलेलं, मोटाउनचा बासवादक जेम्स जेमर्सन. तो तारा जवळजवळ कधीच बदलायचा नाही, असं सांगतात. खरं असेल. पण त्याच्या तारा होत्या बासच्या, जाड आणि सपाट वेढ्यांच्या, आणि त्याला हवा होता तोच दबका, गोल आवाज. शिवाय ही गोष्ट तारांची आहे, फ्रेटबोर्डची नाही. जेमर्सनने आवाज निवडला होता. आपण आळस करतो आणि त्याला जेमर्सनचं नाव देतो. तिकडे फेंडर कंपनीने १९५८-५९मध्ये मेपलच्या जागी रोझवूडच्या पट्ट्या आणल्या, त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं जातं ते हेच, की वाजवून वाजवून मेपल मळकट दिसायचं. म्हणजे मळ लपावा म्हणून लाकूड बदललं गेलं. त्यातूनच आपला गैरसमज झाला: काळ्या पट्टीवर दिसत नाही, म्हणजे नाही.

पण एवढा साधा अर्धा तास आपण का देत नाही? वेळ नाही हे उत्तर खोटं आहे. तेलाच्या बाटल्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघायला आपल्याला दोन तास असतात. आपल्याला घासायचं नसतं. घाण काढणं हे कुणाचं काम हे ज्या समाजाने जन्मावरून ठरवून ठेवलं, तिथे कलाकार आणि सफाई या दोन गोष्टी एका हातात शोभत नाहीत. टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या २०२०च्या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्यांची हकिगत मांडली. कातडं हाताळणारे, त्यातले कित्येक दलित ख्रिस्ती कारागीर. ज्या नादाला टाळ्या मिळतात तो त्यांच्या हातचा, पण मंचावर नाव फक्त वाजवणाऱ्याचं. गिटार परदेशातून आली म्हणून ही उतरंड तिच्याभोवती थांबली, असं झालं नाही. इथे तर मळ शब्दशः आपल्या कातडीचा आहे, आणि तोही दुसऱ्याने काढावा अशी आपली अपेक्षा असते. दुसरा नसेल तर बाटली आहेच.

आणि हे लाकूड कुठून येतं? जगभरच्या गिटारींवर ‘इंडियन रोझवूड’ म्हणून जे मिरवतं, ती आपली शिसवी, डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीतलं झाड. आजोळच्या झोपाळ्याचं, देव्हाऱ्याचं लाकूड. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत या झाडाची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार कागदपत्रांखाली आला. नोव्हेंबर २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. सूट मिळाली म्हणून झाडं वाढली असं नाही. एबनीची गोष्ट अशीच. कॅमेरूनमध्ये एकसारखी काळी एबनी सापडेपर्यंत झाडं तोडायची आणि पट्टेदार निघाली तर तिथेच टाकून द्यायची, ही रीत टेलर गिटार्सच्या बॉब टेलर यांनी २०१२मध्ये जाहीरपणे सांगितली आणि पट्टेदार लाकूड वापरायचं ठरवलं. काळा, निर्दोष फ्रेटबोर्ड हवा हा आपला हट्ट एवढा महाग आहे.

अशा झाडाची पट्टी आपण तीन वर्षांत मळवतो, ‘आवाज गेला’ म्हणतो आणि ओएलएक्सवर टाकतो. नीट पुसलेला फ्रेटबोर्ड मालकापेक्षा जास्त जगू शकतो. फ्रेट झिजले तर बदलता येतात, लाकूड तेच राहतं. शिसवीचा झोपाळा तीन पिढ्या टिकला तो कुणी त्याला ‘पोषण’ दिलं म्हणून नाही. घरातल्या कुणीतरी, बहुधा एखाद्या बाईने, तो रोज पुसला म्हणून. तिचं नाव कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी आणि जास्त लाजिरवाणी.

तेव्हा पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा बाटली मागवू नका. जुना टूथब्रश शोधा, फडकं घट्ट पिळा आणि पहिल्या फ्रेटपासून सुरुवात करा.