नव्या वाद्यवृंदांवरील परके संस्कार

डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्या गाडीने पालघर-बोईसरचा चाकरमानी मुंबईशी अधिक जवळून जोडला गेला. पण त्याच्या मुलाचा कान तोवर मुंबईही ओलांडून गेला होता. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले, औद्योगिक वसाहत वाढली, नाना प्रांतांची माणसे येथे स्थिरावली. अशा ठिकाणी एखादा विद्यार्थी ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’चा भोक्ता निघाला, तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

हे संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी समजूत वडीलधाऱ्यांत आढळते. ती पुरतेपणी खरी नाही. ‘ड्रीम थिएटर’ या वाद्यवृंदाचा उगम १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांपासून झाला. कॅनडातील ‘रश’ची दीर्घ, गुंतागुंतीची रचना आणि इंग्लंडच्या ‘आयर्न मेडन’चा आवेश त्यांनी एकत्र आणला. स्वीडनच्या ‘मेशुगा’ने त्याहून निराळी वाट धरली. झांजेवर चारांचा ठेका अविचल चालू असतो आणि गिटार मात्र विषम लांबीचे तुकडे फिरवीत राहते. दोहोंची गाठ पडते ती पुष्कळ आवर्तनांनंतर. तबल्याची तिहाई समेवर येताना ज्याने श्वास रोखून ऐकली आहे, त्याला यातील आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढील पिढीने मात्र ‘मेशुगा’चे गणित कमी आणि आवाज अधिक उचलला. दाबलेल्या, तुटक तारांच्या त्या खर्ज नादावरूनच एका उपशाखेला ‘जेंट’ हे नाव पडले. संगणकावर हा नाद आता कोणालाही घरबसल्या मिळतो. दिल्लीच्या केशव धर यांनीही आरंभ घरातील ध्वनिमुद्रणापासूनच केला. २०१२ मध्ये ‘स्कायहार्बर’चा पहिला संग्रह निघाला तेव्हा त्यात ब्रिटिश गायक डॅनियल टॉम्पकिन्स गात होते. परंतु हे भाग्य थोड्यांचे. बाकीच्यांच्या हाती नकलेची नक्कल उरते. श्रोत्याचेही तसेच होते. काल जे आवडले त्यासारखेच आज पुढे करणारे यंत्र त्याच्या खिशात आहे. आपली अभिरुची विस्तारत आहे असे त्याला वाटत असते, आणि ती आक्रसत असते. जुन्या चित्रपटगीतांपलीकडे न जाणाऱ्या पालकांनी यावर फार हसू नये.

अनुकरण हा स्वतः दोष नव्हे. कुमार गंधर्व बालपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे मुंबईत प्रा. देवधरांकडे त्यांची तालीम झाली, देवासच्या दीर्घ आजारपणात माळव्याची लोकगीते कानी पडली, आणि त्यांचे गाणे त्यांचे स्वतःचे झाले. ते नकलेवर थांबले नाहीत, एवढाच मुद्दा.

संस्कारांचा प्रवास एकाच दिशेने होतो असेही नाही. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभारला, नंतर झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’. भारतीय लयविचार त्यांच्या गिटारमधून पाश्चात्त्य तरुणांपर्यंत पोहोचला. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा आपल्या भजनी मंडळाच्या तबलजीला पाठ असतात. त्याचाच मुलगा सातांची चाल परदेशी वाद्यवृंदात ऐकून थक्क होतो. अर्थात सारे काही आपणच जगाला दिले, हा पोकळ अभिमान नको. विषम लयी युरोपातही होत्या.

याच जिल्ह्यात तारपा आहे. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि वादकाचा अखंड फिरता श्वास. सूर क्षणभरही तुटत नाही आणि चाल बदलली की नाचणाऱ्यांचे कडेही वळते. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ढोल आणि बासरी मेटलमध्ये आणून परदेशी महोत्सव गाजवले, तेव्हा पालघरच्या एखाद्या वाद्यवृंदाला तारपा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा नाद संगणकात टिपून गिटारच्या मागे चिकटवला, तर ती ‘जेंट’चीच पुनरावृत्ती ठरेल. नाचाचे पाऊल श्वासाबरोबर कसे वळते, हे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत नीट सापडत नाही. त्यासाठी वादकाशेजारी बसावे लागते, आणि ज्यांच्याशेजारी बसायचे त्यांची वये आता झाली आहेत.