गावची सोसायटी आणि आपले ऊस बिल



एरवी या पानावर आम्ही बेणे, खोडकीड, पाचट आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतातला दिसत नसला, तरी उसाच्या मुळाशी पोचणारा आहे. लागणीची नोंद घ्यायला शेती खात्याची माणसे गावोगावी जातात, तेव्हा दर साल एक वाक्य हमखास कानावर येते. "साहेब, औंदा नोंद पोराच्या नावावर घ्या." कुणी बायकोचे नाव सांगतो, कुणी पुण्यात नोकरीला असलेल्या भावाचे. काहीजण तर अर्धा ऊस आपल्याकडे नोंदवून अर्धा गुऱ्हाळाकडे वळवतात. कारण विचारावे लागत नाही. विकास सोसायटीची कपात चुकवायची असते.

ही कपात म्हणजे कारखान्याची मेहेरबानी नव्हे आणि जुलूमही नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ४८-अ आहे. कर्ज घेताना सभासदाने तसा करार करून दिलेला असला, की त्याच्या उसाच्या किमतीतून सोसायटीचे येणे कापून ते सोसायटीकडे भरणे, हे कारखान्यावर बंधन आहे. म्हणजे शेताच्या बांधावरच कर्जाची सोय आणि काट्यावरच फेडीची सोय. सोसायटी आणि कारखाना यांचे हे नाते महाराष्ट्रात जुने आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरचा कारखाना धनंजयराव गाडगीळांच्या साथीने १९५० साली उभा केला, हे सर्वांना पाठ आहे. पण त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १९२३ साली, त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. माणसांना एकमेकांच्या जामिनावर कर्ज घ्यायची आणि फेडायची सवय आधी लागली, धुराडे नंतर उभे राहिले.

त्या काळी सहकाराचा हात किती तोकडा होता, तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिच्यात गाडगीळही एक सदस्य होते. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांत सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये निघाले, आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास. आपला जिल्हा तर तेव्हा हैदराबाद राज्यात. आजच्या सत्तरीतल्या सभासदाला विचारा, आजोबांची कोणती जमीन कशी गेली ते तो गट नंबरासह सांगेल.

आता आजचा हिशेब घेऊ. समजा एका सभासदाने सोसायटीतून १ लाख रुपये पीक कर्ज उचलले. केंद्र आणि राज्य शासनाच्या व्याज सवलती धरल्या, तर २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला, मुदतीत फेडल्यास, व्याजाचा भार शून्यावर येतो. तेच १ लाख शेकडा तीन रुपये महिन्याने बाहेरून आणले, तर वर्षाला ३६ हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे दहा टनांहून जास्त ऊस नुसत्या व्याजाला गेला. आम्ही एकरी दोन-चार टन वाढवायला ठिबक सांगतो, एक डोळा पद्धत सांगतो, आणि दहा टन असे दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन पडतात.

मग शहाणी माणसे कपात का चुकवतात? सगळेच बुडवे आहेत, असे म्हणणारे म्हणोत, आम्हाला ते पटत नाही. शेतकऱ्याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही ऐकण्याजोगी आहेत.

सर्वांत खरे कारण आपल्या जिल्ह्याचे आहे. "भरलं तर परत मिळंल का?" सोसायटीकडे स्वतःचा पैसा थोडा असतो. तिला जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून रक्कम येते, कमाल मर्यादा पत्रक मंजूर होते, मग सभासदाला मिळते. आपल्या मध्यवर्ती बँकेच्या मोठ्या रकमा साखर कारखान्यांकडेच अडकल्या, बँक अडचणीत आली आणि झळ गावच्या सोसायटीला लागली. हे कारखान्याच्या पत्रिकेत छापणे अवघड वाटेल. पण आपल्या घरातलेच आहे, झाकून कुणापासून झाकायचे? ज्याने प्रामाणिकपणे भरले त्याला नवे कर्ज मिळाले नाही, आणि ज्याने थकवले त्याला २०१७ साली दीड लाखापर्यंत व २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी मिळाली. नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरले खरे, पण गावात त्याची चेष्टा व्हायची ती होऊन गेली. माफीने अनेक घरे वाचली, ते आम्ही नाकारत नाही. पण सोसायटीच्या वसुलीला त्यानंतर जी मोड बसली ती अजून भरून आलेली नाही.

दुसरे कारण कपातीच्या पैशाचे. बिलातून रक्कम कापली जाते, पण सोसायटीत जमा होते महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर खात्यावर व्याज चालूच, आणि वर्ष उलटले की माणूस थकबाकीदार. त्याची व्याज सवलत गेली, आणि चूक त्याची नाहीच. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. आमचे स्पष्ट मत असे, की कपातीलाही हाच नियम मनाने लावावा. कापलेला पैसा सभासदाचाच आहे. कारखान्याने त्याच पंधरवड्यात तो सोसायटीला पोचता करावा, आणि कोणाचे किती कापले व कोणत्या तारखेला भरले याची यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. संचालक मंडळापुढे शेती खात्याने हे मांडावे, असे आम्हाला वाटते. फळ्यावर यादी लागली, तर पोराच्या नावाने नोंद करणाऱ्यांपैकी निम्मे परत स्वतःच्या नावावर येतील.

तिसरे कारण, सगळेच कापले जाते आणि घरी काही उरत नाही. पोरीची फी, दवाखाना, पुढच्या खोडव्याचे खत. हे खरे आहे आणि याचा उपाय कर्ज उचलण्याच्या तारखेत दडला आहे. आपल्याकडे पाण्याच्या मानाने सुरू आणि पूर्वहंगामी लागणी जास्त. व्याज सवलत मात्र वर्षाच्या आत फेडीलाच. सुरू उसाचे कर्ज फेब्रुवारीत उचलले आणि तोड मार्चअखेर आली, तर मुदत हुकली. म्हणून लागणीची खरी तारीख नोंदवा. तोड लवकर यावी म्हणून पंधरा दिवस आधीची तारीख सांगणारे पुष्कळ आहेत, चिटबॉयलाही ते माहीत असते. पण सगळ्यांनीच तारीख मागे सरकवली की तोडणीचा कार्यक्रम कागदावर राहतो आणि टोळी ज्याच्या फडात शिरायची त्याच्याच फडात शिरते. आडसाली करणाऱ्यांनी तर फार जपावे. सोळा-सतरा महिन्यांचे पीक आणि एक वर्षाची सवलत, यांचा मेळ आपोआप बसत नाही. गटसचिवाशी आधी बोलून ठेवावे.

'नवं-जुनं' करायच्या वेळी आठ दिवसांसाठी खत दुकानदाराकडून वा सावकाराकडून पैसे आणून भरायचे आणि कर्ज पुन्हा उचलून त्याला द्यायचे, ही रीत तर सगळ्यांत महागाची. कागदावर सोसायटी शंभर टक्के वसूल, सभासद मात्र दोन दारांचा ऋणको. कुणी विनापरवाना सावकाराला जमिनीचे खरेदीखत लिहून दिले असेल, तर त्याने गप्प बसू नये. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन चौकशीअंती परत मिळू शकते.

ठेवीविषयीही दोन शब्द. बिल हाती आले की जास्त व्याजाच्या पाट्या दिसू लागतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेटमधल्या ठेवीला तो नाही. शेजारच्या बीडमध्ये २०२३ साली ज्ञानराधा मल्टिस्टेटमधून ठेवी मिळेनाशा झाल्या, हजारो घरांचे हाल झाले. त्यांत ऊसवालेही होते. पतसंस्था वाईट असतात असे नव्हे. कर्ज कोणाला वाटले ते सांगणारी, ताळेबंद दाखवणारी चांगली पतसंस्था गावाला आधार असते. मात्र एक टक्का जादा व्याज देतो एवढ्यावर तिची परीक्षा करू नये.

राहिली गोष्ट सोसायटीच्या गावकीची. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेला चहा-चिवड्याला गर्दी आणि ताळेबंदाच्या वेळी मैदान मोकळे, असे बहुतेक गावी चालते. निवडणूक आली की मात्र मतदार यादी तोंडपाठ. नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे कायद्याने लागते. बाकीच्या पैशातून सत्काराची शाल घ्यायची की माती तपासणीचे नमुने पाठवायचे, हे सभेतच ठरते. २०२२ पासून देशातल्या ६३ हजार सोसायट्या संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले आणि २०२३ च्या आदर्श उपविधींनी खत, गोदाम, औजारे भाड्याने देणे असे बरेच काही करायला मोकळीक दिली. ते करायला आधी सभासद सभेत बसला पाहिजे. आमच्या बायाबापड्यांचे बचत गट दर महिन्याला बसून पै-पैचा हिशेब वाचतात, तिथे शंभर रुपये चुकले तर सगळ्या जणी जाब विचारतात. लाखोंची उलाढाल असलेल्या सोसायटीत तो जाब विचारणारा एखादाच निघतो, आणि त्यालाच विरोधक म्हणतात.

यंदा नोंदीला येताना सातबारा आणि आठ-अ बरोबर सोसायटीचा खाते उताराही आणावा. कर्ज कोणत्या तारखेला उचलले आणि मुदत कधी संपते, ते नोंदवहीत लिहून घेऊ, म्हणजे तोडीचा क्रम लावताना ती तारीख समोर राहील. ज्यांनी नोंद आधीच दिली आहे त्यांनी उतारा गट ऑफिसात दिला तरी चालेल.